दीड वाव सैल दोर

१ नोव्हेंबर, शनिवार. आज होडीचे दोर धुवायला काढले. उद्या दुपारी होडी न्यायला टेम्पो येणार आहे, आणि वस्तू देताना स्वच्छ करून द्यावी ही आमच्या घरची रीत आहे, मग घेणारा तिचं काहीही करो. हा घेणारा तिच्यात माती भरणार आहे. कळंबच्या रस्त्याला त्याचं नवं हॉटेल आहे. दारात होडी ठेवायची, तिच्यात फुलझाडं लावायची, संध्याकाळी वरून पिवळा दिवा सोडायचा. कल्पना माझीच. माझी रोपवाटिका आहे, त्याच्याकडची सगळी झाडं माझ्याकडूनच जातात. "मॅडम, एन्ट्रन्सला काहीतरी हटके पाहिजे," तो म्हणाला, आणि मी फारसा विचार न करता म्हणाले, "आमची एक होडी पडून आहे."

खाऱ्या पाण्यातला दोर न धुता ठेवला की वाळून वायरसारखा ताठ होतो. दहा महिने पेटीत पडलेले हे दोर पिंपात घातले तर तासभर बुडायलाच तयार नव्हते. नंतर हळूहळू मऊ पडले, पाणी गढूळ झालं आणि वाडीच्या मागच्या अंगणात नदीचा वास पसरला. चिखल, काठच्या तिवराच्या झुडपांची कुजकी पानं, कुठेतरी मेलेली चिंबोरी. हा वास सुगंध वगैरे नाही. पण गेल्या वर्षी याच दिवसांत तो आमच्या कपड्यांना, पिशव्यांना, मोहनच्या टोपीला सतत असायचा, आणि मला त्याची सवय झाली होती.

मोहन माझा नवरा. शाळेपासूनची ओळख, त्यामुळे मी त्याला अरेतुरेच करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. तो कचेरीत नकाशे काढायचा. डावखुरा. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याला झटका आला आणि नेमका डावा हात गेला. वाचा राहिली, पाय महिन्याभरात चालता झाला, पण हात टेबलावर ठेवला तर कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा तिथेच पडून राहायचा. व्यायाम शिकवणारी मुलगी एक रबरी चेंडू देऊन गेली. मोहनने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी कुत्र्याला टाकला.

होडी सुचवली ती पारूमावशीने. पारूमावशी वैतरणेच्या काठची. तीस वर्षं आमच्या आळीत माशांची पाटी घेऊन येणारी. मोहनच्या हातात सदैव पेन्सिल असायची म्हणून ती त्याला पहिल्यापासून मास्तर म्हणते. एक दिवस पाटी उतरवून तिने त्याला न्याहाळलं आणि मला म्हणाली, "यो असा खुर्चीत ठेवशील तर लोनचं व्हईल त्याचं. पान्यावर बसव."

"हाताचं काय?" मी म्हणाले.

"पान्याला काय माहीत, कोनाचा हात चालतो नि कोनाचा नाय?"

तिच्या नवऱ्याची एक लहान होडी बांधावर पालथी पडली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलाची मोठी बोट अर्नाळ्याला असते. ही होडी कोणाच्याच उपयोगाची नव्हती. आम्ही ती घेतली. पावसाळाभर मोहन पारूमावशीकडून एकच गोष्ट शिकला, होडी बांधायची गाठ. दोन वेढे, एक फासा, आणि शेपटी मोकळी, म्हणजे एका झटक्यात सुटते. आमच्या व्हरांड्यातल्या खांबाला त्याने ती किती वेळा बांधली असेल याची मोजदाद नाही. आधी उजव्या हाताने, मग डाव्याने दोर नुसता धरून, मग डाव्याच्या दोन बोटांनी फासा ओढून. रबरी चेंडूने जे केलं नाही ते त्या दोराने केलं. गणपतीत त्याने डाव्या हाताने आरतीचं ताट धरलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच कांदे चिरत बसले.

मग तो हिवाळा आला. त्रिपुरी पौर्णिमेपासून पौषापर्यंत, जेमतेम दोन महिने. माझ्या आयुष्यात तेवढेच दोन महिने असे गेले, ज्यांत मी काही उपयोगाचं केलं नाही.

आमचा वार ठरलेला नव्हता, तिथी होती. समुद्राकाठची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची की घड्याळातला तास येतो. अष्टमीला सहा, बारशीला नऊ. नदीत पाणी आत चढायला थोडा उशीर लागतो, तो वर धरायचा. मोहन हे सगळं बोटांवर मोजायचा, मुद्दाम डाव्या हाताच्या बोटांवर. पाणी चढायला लागलं की होडीत बसायचं आणि चढत्या पाण्याबरोबर नदीत आत जायचं. वल्ही माझ्याकडे, कारण हातात जोर माझ्या. मागे बसून एक वल्हं सुकाणूसारखं धरायचं काम त्याचं. वल्ही मारायचीही फारशी गरज नसे, पाणीच नेई. भरती थांबली की तिवराच्या सावलीत कुठेतरी होडी बांधायची, खायचं, बसायचं. पाणी उतरायला लागलं की त्याच्याबरोबर परत.

"पण जायचं कुठे?" पहिल्या दिवशी मी विचारलं होतं.

"कुठेच नाही."

"मग परत कधी यायचं?"

"पाणी ठरवेल."

"आणि मी काय करू तोवर?"

"तू नुसती बस, सुमे. जमतंय का बघ."

नाही जमलं. दुसऱ्या दिवसापासून मी टोपलीभर अबोली बरोबर घेऊन जायला लागले. केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा दोरा, मांडीवर फुलं. होडी आपली आपण चाललेली, आणि मी वेणी गुंफत बसलेली. मोहन म्हणायचा, नदीतून वैतरणेच्या पुलापर्यंत एवढी फुलं नेणारी बहुधा तू पहिलीच. पुलावरून रेल्वेगाडी जायची तेव्हा पाण्यावर बारीक शहारा उठायचा. बगळे हलायचे नाहीत. त्यांना गाडीचं वेळापत्रक पाठ असावं.

सगळं सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. तिवराच्या मुळांत प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत असत, खालच्या अंगाला कुठेतरी रेती काढणाऱ्या पंपाची घरघर चाले. मागे वळून पाहिलं की तिवरांच्या डोक्यावरून विरारच्या इमारती दिसत, मोजल्या तर दर पंधरवड्याला एक मजला वाढलेला. नव्या पुलाचे खांब नदीत उभे राहत होते आणि पाणी त्यांना वळसा घालताना एक वेगळाच आवाज करत होतं, जो आधी नव्हता असं पारूमावशी सांगे. पण भरती पूर्ण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं अशी येत की पाणी ना वर जाई ना खाली. होडीला बांधलेला दोर कोणत्याच बाजूला ओढ घेत नसे. त्या वेळात मोहन सुकेळी काढायचा. आमच्याच राजेळी केळ्यांची, घरच्या उन्हात वाळवलेली. एक मला, एक स्वतःला. वरचं वाळकं पान डाव्या हाताने उलगडून.

मी काळजी करणारी बाई आहे. पण चेहऱ्याने नाही, हाताने. मला काळजी वाटली की मी काहीतरी बांधते, झाकते, आवळते. वाडीत वाढलेल्या माणसाला दुसरं येत नाही. केळीचा घड भरला की झाड वाऱ्याने कोसळू नये म्हणून तिला बांबूचा टेकू लावून आवळायचं. पानवेल पांगाऱ्याला बांधायची तर अशी की बोटही आत जाऊ नये. सैल बांधली तर वेल लोंबते आणि पान बारीक पडतं. गाय शेजारच्या अळूत शिरू नये म्हणून दावं आखूड. आमच्याकडे सैल गाठ म्हणजे आळशी माणसाची खूण. माझ्या वडिलांनी माझी लग्नाआधीची परीक्षा घेतली असेल तर ती गाठींचीच. दोन वेढे, टोक आतून खुपसायचं, उलटा पीळ द्यायचा आणि शेपूट कापून टाकायचं. ती गाठ सुटत नाही. कापावी लागते.

आणि मोहन होडी कशी बांधायचा? दीड वाव सैल. दोन्ही हात पसरले की एक वाव, त्याच्या दीडपट दोर मोकळा. पहिल्यांदा त्याने स्वतः ती बांधली तेव्हा त्यालाही ते पटलं नव्हतं. त्याने दोर आखडून घेतला, तशी पारूमावशी बांधावरून ओरडली होती. "मास्तर, होडी हाय ती, म्हैस नाय! पानी उतरंल तवा तिला खाली जायाला जागा नको? दीड वाव सैल सोड. ती फिरंल, नाचंल, तुला काय? सकाली जागेवर गावंल."

मोहनने ते लक्षात ठेवलं. मीही ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि समजलंही होतं, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते की मला ते माहीत नव्हतं.

पौष पौर्णिमेचा दिवस होता. उधाणाचं पाणी. दुपारी परत आलो तेव्हा नदी बांधाच्या दगडांना लागली होती आणि पारूमावशीच्या नवऱ्याने रोवलेला तो खुंटा, एरवी पुरुषभर उंच दिसणारा, पाण्याबाहेर हातभर उरला होता. मोहनने होडी बांधली. दोन वेढे, फासा, शेपटी मोकळी. दोर सैल. मग एक हात दगडाला लावत तो पायऱ्या चढायला लागला. त्या दिवशी वारा होता. होडी त्या सैल दोरावर इकडून तिकडे भरकटत होती, एकदा दगडाला लागली, एकदा शेजारच्या बोटीला. मला ते पाहवेना. इतकं अस्ताव्यस्त. आणि खरं सांगायचं तर मनात आलं, त्या दोन बोटांची गाठ ती काय राहणार?

"चप्पल राहिली," मी म्हणाले आणि परत खाली उतरले.

चप्पल माझ्या पायात होती.

मी त्याची गाठ सोडली. एका झटक्यात सुटली, जशी सुटायला हवी तशी. होडी नाकाने खुंट्याशी ओढून घेतली, दोन वेढे, टोक आत, उलटा पीळ. होडी शहाण्यासारखी उभी राहिली. मला बरं वाटलं. रिक्षात मी मोहनला आल्याचा चहा करीन म्हणाले.

पुढचं कोणीही सांगू शकेल. पाणी पुरुषभर उतरलं आणि होडी नाकाने खुंट्याला टांगली गेली, शेपूट चिखलात. मग भरती परत आली ती आधी तिच्या मागच्या बाजूने आत शिरली. पाण्याने भरलेल्या होडीचं वजन त्या जुन्या खुंट्याने किती वेळ पेललं असेल देव जाणे. सकाळी पारूमावशीच्या मुलाचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. खुंटा कमरेतून मोडला होता, होडी चिखलात एका कुशीवर पडली होती, एक फळी फुटलेली. मुलाने कोयत्याने दोर तोडून ती मोकळी केली होती.

पारूमावशी बांधावर उभी होती. पदर कमरेला खोचलेला. "सांजच्याला पायली मी, टांगलेली व्हती बकऱ्यावानी," ती म्हणाली. "पोराकडं तुमचा नंबर, पोर दर्यावर. मी एकली काय करू?" मग मोहनकडे वळून, "मास्तर, हाताला जोर नाय, डोस्क्यात राहत नाय, तर बांधावी कशाला? माज्या धन्याचा खुंटा व्हता तो."

 मोहन तुटलेल्या खुंट्याकडे बघत होता. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "मी सैल सोडला होता ना गं?"

तो प्रश्न मला विचारलेला होता. उत्तर मला माहीत होतं. आणि आजूबाजूला चार माणसं उभी होती.

"मला काय माहीत?" मी म्हणाले. "मी चपलेच्या गडबडीत होते."

चिखलात दोराचा तुटका तुकडा पडला होता, हातभर लांब. त्यावर माझी गाठ तशीच होती. ती ओळखायला मोहनला क्षणही लागला नसता. आमच्या वाडीत तशा हजार गाठी आहेत. मी तो उचलला आणि पिशवीत टाकला. साफसफाई करत असल्यासारखा.

परतताना रिक्षात तो दोनदा म्हणाला, "मला स्पष्ट आठवतंय, सैल सोडला होता." घरी आल्यावर एकदा म्हणाला, "मला वाटतं सोडला होता." त्यानंतर म्हणाला नाही.

पहिल्या आठवड्यात मी गप्प राहिले ती लाजेने. दुसऱ्या आठवड्यात सांगायचं ठरवलं, तर तो स्वतःहून म्हणाला की आता पाण्यावर नको, आपल्याच्याने होत नाही. आणि माझ्या अंगावरून ओझं उतरलं. किती उतरलं ते मलाच कळलं. दोन महिने मी अबोली गुंफत होते ती आनंदात नव्हे. तो उलटा पडला तर एका हाताने कसा पोहेल, याचा विचार माझ्या प्रत्येक फुलामागे होता. आता तो घरी होता, खुर्चीत, डोळ्यांसमोर. मला सोयीचं होतं. हा शब्द मी जाणून वापरते आहे. भीतीने लपवलं असं लिहिलं असतं तर जरा बरं दिसलं असतं.

मग बाकीचं हळूहळू सुटत गेलं. खांबाला दोर बांधणं थांबलं. गॅस बंद केला का, हे तो मला विचारायला लागला; मग गॅस लावायचाच थांबला. बँकेच्या कागदावर सही करताना पेन माझ्याकडे सरकवायचा. पुण्याहून मुलीचा फोन आला की म्हणायचा, "तूच बोल, मी काहीतरी भलतंच सांगीन." पारूमावशीने आमच्या आळीत यायचं सोडलं; पाटी घेऊन तिची सून यायला लागली. सकाळी उठल्यावर तो डोळे मिटून अंथरुणात बसायचा आणि ओठ हलवायचा. कधी देवासमोर न बसलेला माणूस. मला वाटलं, चला, या वयात देव आठवला, वाईट काय आहे?

आज दोर पिंपात घातल्यावर मी पेटी उपडी केली. तळाला तो तुकडा होता. मी तिथे ठेवल्याचं मला आठवतही नव्हतं, पण टाकून दिला नव्हता हे खरं. गाठ तशीच, मिठाने पांढरी पडलेली, दगडासारखी. मी नखाने पीळ उकलायचा प्रयत्न केला. माझीच गाठ मला सुटेना.

अंगणाच्या पलीकडे मोहन खुर्चीत बसला होता. समोर रस्त्यावरून मुलं तुळशीच्या लग्नासाठी ऊस घेऊन चालली होती. हवेत तो थोडासा गारवा होता जो आमच्याकडे दिवाळीनंतर एकदम येतो. गेल्या वर्षी हाच गारवा लागला की तो बोटं मोजायला लागायचा. आज हात मांडीवर पडला होता. कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. झटक्यानंतर, गेल्या वर्षी मे महिन्यात होता तसा.

पाच वाजता मी चहा नेला आणि कपाशेजारी तो तुकडा ठेवला.

"हे काय?"

"होडीचा दोर. पारूमावशीच्या मुलाने तोडला होता तो."

त्याने तो उजव्या हाताने उचलला, मग डाव्यात घेतला. अंगठा पिळावरून फिरवला. बराच वेळ.

"ही वाडीची गाठ आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "ही तुझी गाठ आहे."

"हो."

"चप्पल."

"चप्पल पायातच होती."

मला वाटलं होतं तो ओरडेल. मी ओरडले असते. त्याने तुकडा टेबलावर ठेवला, सरळ केला, टेबलाच्या कडेशी समांतर, नकाशावर पट्टी ठेवावी तसा.

"सुमे, मी रोज सकाळी उठून स्वतःला वार विचारतो," तो म्हणाला. "वार, तारीख, तिथी. मग पोरीचा वाढदिवस. मग सतराचा पाढा. म्हटलं, डोकं जायला लागलं असेल तर आपल्याला आधी कळलं पाहिजे."

 मी जे विचारू नये तेच विचारलं. "कधी चुकलास?"

"नाही. दहा महिन्यांत एकदाही नाही." त्याने तुकड्यावर बोट टेकवलं. "पण होडीचं चुकलो होतो ना."

चहा तसाच राहिला. मी माफी मागितली. माझी माफीही माझ्यासारखीच, चार शब्दांची. त्याने मान हलवली, ती ऐकल्याची होती, माफ केल्याची नव्हती.  जेवताना फक्त एवढं म्हणाला, "म्हातारीला कोण सांगणार?"

"मी सांगते."

"आणि त्या मातीवाल्याला?"

"त्यालाही."

झोपण्याआधी मी धुतलेले दोर व्हरांड्यात वाळत घातले. मऊ झाले होते. हे एक काम आज नीट झालं.

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी सात वाजता हॉटेलवाल्याला फोन केला. टेम्पो पाठवू नका, होडी देत नाही. तो म्हणाला, "मॅडम, मी तिथे लाइटचा पॉइंट काढून घेतलाय." मी म्हणाले, तिथे मोठ्या कुंड्या ठेवू, चांगल्या दिसतील. फोन ठेवला तेव्हा मोहन टोपी घालून पायरीवर उभा होता. खांद्यावर दोर.

"आज बारस," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "नऊची भरती. आत यायला साडेनऊ."

बांधावर पारूमावशी जाळ्यातला कचरा वेचत बसली होती. मोहनला पाहून तिने मान वळवली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि उभ्या उभ्या सांगितलं. "मावशी, गेल्या पौषात होडी मी आखूड बांधली. याने सैल सोडली होती. तो वर गेल्यावर मी परत बांधली. खुंटा माझ्यामुळे मोडला."

तिने जाळं खाली ठेवलं. "तू?"

"मी."

"आनि यो वरीसभर माज्या शिव्या खात बसला?"

"हो."

"तू बसवलास?"

"हो."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मोठी हुशार समजत व्हते तुला मी, बाय. बस इथं. आता तुजा हिस्सा घे." आणि तिने मला खरोखरच पाच मिनिटं शिव्या दिल्या, नीट, काही न विसरता, माझ्या वाडीला आणि आमच्या समस्त पानवेलींना धरून. मी बसून ऐकल्या. मग तिने सुनेला हाक मारली आणि बांधावर पालथी पडलेली होडी उलथायला माणसं बोलवली.

फुटलेली फळी तिच्या मुलाने पावसाआधीच बदलली होती. आम्हाला ते माहीतही नव्हतं. पण दहा महिने कोरडी पडलेली लाकडी होडी लगेच तरंगत नाही, फटींतून पाणी घेते. दोन-तीन दिवस पाण्यात नुसती भिजू द्यावी लागते, फळ्या फुगल्या की फटी आपोआप बंद होतात. म्हणून आज कुठे जायचं नव्हतं. फक्त पाण्यात लोटायची आणि बांधायची.

जुन्या खुंट्याच्या जागी मुलाने दुसरा रोवला होता. तेव्हापासून रिकामा. मोहन गुडघाभर पाण्यात उतरला. डाव्या हाताची सवय मोडली होती. पहिला वेढा निसटला, दुसऱ्यांदा दोर पाण्यात पडला. पारूमावशी तोंडात पदर धरून गप्प उभी होती, आणि तिला गप्प राहणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. मी माझंच मनगट दुसऱ्या हातात धरून ठेवलं होतं. फासा ओढायला त्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात पाणी थांबलं. मग ती गाठ झाली. त्याने हात पसरून दोर मोजला, एक वाव, अर्धा वाव, सोडला, आणि माझ्या शेजारून पायऱ्या चढून निघून गेला.

होडी अर्धी पाण्याने भरलेली, सैल दोरावर हळूहळू फिरायला लागली. दगडाला लागली. परत फिरली.

"काय गो," पारूमावशी म्हणाली, "आज गाठ बघनार नाय?"

"नाही," मी म्हणाले आणि मागे न बघता वर आले.

रिक्षात तो बाहेर बघत होता. आगाशीच्या वळणावर एकदम म्हणाला, "आज वार कोणता?"

"रविवार."

"मला माहीत आहे. तुला विचारलं."

घरी आले. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती, ती बदलली. मग पानवेल बांधायची राहिली होती ती बांधायला घेतली. दोन वेढे, टोक आत, उलटा पीळ. गाठी घट्ट मारल्या. तिथे तशाच लागतात.